न्युबियन लोकनृत्ये आणि त्यामागच्या चालीरीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या सहलीत असवानला पोहोचलं की बहुतेकांना न्युबियन नाच पहिल्यांदा दिसतो, तोही बोटीच्या डेकवर, रात्रीच्या जेवणानंतरच्या कार्यक्रमात. लोक टाळ्या वाजवतात, दोन मिनिटं सामील होतात, फोटो काढतात आणि परततात. मग प्रश्न पडायला लागतात. असे नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: हा नाच गावाने मिळून करायचा असतो. लग्न, बाळाचा जन्म, सुंता, वलींचे उरूस यांच्यापासून तो सुटा काढला, तर हाती फार थोडं लागतं.

न्युबिया नेमका कुठे आहे?

असवानजवळ नाईल नदीचा पहिला प्रपात आहे. तिथून दक्षिणेला सुदानमधल्या डोंगोला आणि देब्बापर्यंतचा पट्टा म्हणजे न्युबिया. दोन्ही अंगांना वाळवंट, मधून नदी, आणि काठाला खजुराची झाडं व शेतांची चिंचोळी पट्टी. आज याचा उत्तरेकडचा भाग इजिप्तमध्ये आणि दक्षिणेकडचा सुदानमध्ये येतो.

इजिप्तच्या बाजूला उत्तरेत केन्झी (अरबीत कुनूझ), दक्षिणेत फदिज्जा आणि दोघांच्या मध्ये अरबी बोलणारे वादी अल-अरबचे लोक राहत. सुदानच्या बाजूला हल्फावी, सुक्कोत, महस आणि दनागला. फदिज्जा, हल्फावी आणि महस यांची भाषा नोबीन. केन्झींची बोली मात्र शेजारच्या फदिज्जांपेक्षा दूर दक्षिणेतल्या दनागलांच्या बोलीला जवळची आहे. केन्झी आणि नोबीन बोलणारे आपापल्या भाषेत बोलू लागले तर एकमेकांचं सहज कळत नाही, मग संवाद अरबीत होतो. गाणी, ठेके आणि पावलंही अशीच गटागटाप्रमाणे बदलतात.

न्युबा आणि न्युबियन एकच का?

नाही, आणि ही गल्लत इंटरनेटवर सर्रास होते. न्युबा लोक सुदानच्या दक्षिण कोर्दोफानमधल्या न्युबा डोंगरात राहतात. त्यांच्या कुस्त्या प्रसिद्ध आहेत. डोक्याला शिंगं बांधून करायचा कंबला नाचही त्यांचाच. व्हिडिओत शिंगं दिसली तर तो नाईलकाठचा न्युबियन नाच नव्हे.

युगांडा आणि केन्यातले नूबी हा आणखी तिसरा समाज. एकोणिसाव्या शतकात सुदानमधून दक्षिणेकडे गेलेल्या सैनिकांचे ते वंशज. नैरोबीतली किबेरा वस्ती मुळात त्यांचीच.

मुख्य नाच कोणते?

सगळ्यांत जास्त कानावर येणारं नाव म्हणजे अरागीद. फदिज्जा आणि हल्फावी लोकांत हा विशेष मानाचा. डफ वाजवणारे आणि मुख्य गायक एका कडेला किंवा मधोमध. पुरुष खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात. बायकांची रांग वेगळी. गायक एक ओळ टाकतो, सगळी रांग ती उचलते. रांग दोन-तीन पावलं पुढे येते, गुडघ्यातून आणि कमरेतून किंचित झुकते, पुन्हा मागे सरते. पाय जमिनीवरून फार उचलले जात नाहीत. सुरुवात इतकी संथ असते की नवख्याला वाटावं, अजून काही सुरूच झालेलं नाही. मग लय कळत-नकळत चढते. शेवटी रांगेतलं कुणी वेगळं दिसेनासं होतं आणि शंभर पायांचं एकच शरीर पुढे-मागे होतंय असं वाटतं. न्युबियन लोक या हालचालीला नाईलच्या लाटेची उपमा देतात, आणि ती पाहताना पटते.

केन्झींकडे कफ्फ प्रसिद्ध आहे, म्हणजे टाळीचा नाच. यात वाद्यांपेक्षा टाळीला मान. पुरुष ओळीत किंवा अर्धवर्तुळात उभे राहून टाळीचा ठेका धरतात आणि पायाने जमिनीवर आघात करतात. असवान भागातल्या अरबी बोलणाऱ्या जमातींतही याच नावाचा प्रकार आहे. तिथे काव्याची जुगलबंदी महत्त्वाची असते. नाव एक असलं तरी दोन्हींचा रंग निराळा.

मधूनच एखादा पुरुष काठी उंचावून रांगेबाहेर येतो, डफवाल्यांसमोर चार गिरक्या घेतो आणि परत आपल्या जागी जातो. त्याला कुणी ‘कलाकार’ म्हणत नाही. तो कुणाचा तरी काका असतो, मामा असतो, आणि आज त्याच्या घरचं कार्य असतं.

टाळीला इतकं महत्त्व का?

कारण ती टाळी हेच अर्धं संगीत आहे. आपल्याकडे भजनाला सगळे एका मात्रेवर टाळी देतात. न्युबियन रांगेत एक गट मात्रेवर टाळी देतो, दुसरा दोन मात्रांच्या मधल्या जागेत, आणि दोन्ही मिळून एक गुंफण तयार होते. कुणा एकट्याची टाळी ऐकली तर ती अपुरी वाटते. ज्याला हा नाच समजून घ्यायचा आहे त्याने आधी पायांकडे पाहू नये. डोळे मिटून टाळ्या ऐकाव्यात. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

कोणती वाद्यं वाजतात?

दोन महत्त्वाची. पहिलं ‘तार’. या नावाशी तंतूचा काही संबंध नाही. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून केलेला हा मोठा डफ आहे. त्याला झांजा किंवा घुंगरू नसतात. वाजवण्याआधी तो विस्तवावर धरून शेकतात, म्हणजे कातडं ताणलं जातं आणि आवाज खुलतो. रात्रीच्या लग्नात कडेला शेकोटी पेटलेली दिसते ती यासाठीच. गारव्याने कातडं सैल पडलं की डफ पुन्हा शेकायचा. मधोमध मारलं की खोल, घुमारदार नाद येतो आणि कडेवर मारलं की कोरडा, टणक. सहसा एकाहून जास्त डफ असतात. एक ठेका धरून ठेवतो, दुसरे त्याच्या आजूबाजूला खेळतात.

दुसरं वाद्य किसिर, सुदानमध्ये तंबूर म्हणतात. हे पाच तारांचं वाद्य. खाली कातडं मढवलेला वाडगा, वर दोन दांड्या आणि त्यांना जोडणारी आडवी काठी. एका हाताने सगळ्या तारा एकदम छेडायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी नको असलेल्या तारा दाबून मुक्या करायच्या. उरतो तो सूर. तारा पाच, सूरही पाच. न्युबियन गाण्याची बांधणी पंचस्वरी असते, त्यामुळे भूप किंवा दुर्गा ऐकत आलेल्या मराठी कानाला ती परकी वाटत नाही. इजिप्शियन अरबी संगीतातले बारीक श्रुतिभेद इथे जवळजवळ नसतात. कैरोच्या गाण्यांपेक्षा न्युबियन गाणं चटकन वेगळं ओळखू येतं ते याच कारणाने.

सुदानच्या बायकांच्या बैठकीत दलूका नावाचं मातीचं ढोलकंही असतं. लग्नाची गाणी त्यावरच रंगतात.

लग्नात नाच कधी आणि कसा येतो?

जुन्या न्युबियात लग्न पंधरा-पंधरा दिवस चालायचं. आता बहुतेक ठिकाणी ते दोन-तीन दिवसांवर आलं आहे, पण सांगाडा बराच टिकून आहे.

लग्न सहसा नात्यातच ठरायचं, आणि पहिला हक्क चुलत भावाचा मानला जायचा. गावातले निम्मे पुरुष कैरो, अलेक्झांड्रिया, खार्तूम अशा शहरांत नोकरीला असत, म्हणून ते रजेवर परतण्याच्या काळात लग्नं निघत. आमंत्रण छापील पत्रिकेने होत नसे; बायकांचा घोळका घरोघरी आणि शेजारच्या वाड्यांवर गात जाई.

मग मेंदीची रात्र. मेंदी नवरीला लागते तशी नवऱ्यालाही लागते. आई, आत्या, मावशा त्याच्या हातापायांना ती थापतात आणि भोवती गाणी चालतात. पाहुणे पैसे देतात. या देणगीला नुक्ता म्हणतात. कुणी किती दिलं ते लिहून ठेवलं जातं, कारण त्यांच्या घरी कार्य निघालं की ते फेडायचं असतं. आपल्याकडची आहेराची वही ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. मेंदीचा हा वारसा इजिप्त, सुदान आणि इतर अरब देशांनी मिळून २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेला.

दुसऱ्या दिवशी वरात. नवरा पांढऱ्या झग्यात, हातात तलवार, खंजीर किंवा चाबूक. हे शस्त्र दृष्ट आणि वाईट शक्ती दूर ठेवण्यासाठी. या दिवसांत नवरा-नवरी ‘नाजूक’ अवस्थेत असतात, त्यांना बाहेरचं लवकर बाधतं, अशी समजूत. तार वाजवत, गात, मध्ये-मध्ये थांबून नाचत वरात नवरीच्या घराकडे जाते. बायका जीभ हलवून ती उंच ललकारी देतात. अत्तर शिंपडतात, धूप जाळतात. अंगणात सगळे पोहोचले की खरा अरागीद सुरू होतो आणि तो बऱ्याचदा पहाटेपर्यंत चालतो.

सुदानकडे यात जिर्तिगचा विधी येतो. नवरा-नवरीच्या मनगटाला लाल रेशमी दोरा आणि मणी बांधतात, सुगंधी द्रव्यं लावतात आणि दोघं तोंडात दूध घेऊन एकमेकांवर फवारतात. हसण्या-खिदळण्याचा प्रसंग असतो, पण जिर्तिग न होता संसार सुरू करणं वडीलधाऱ्यांना अजिबात चालत नाही.

यात नाच म्हणजे ‘कार्यक्रमाचा भाग’ नसतो, हे परत सांगावंसं वाटतं. रांगेत उभं राहणं हीच हजेरी. भाऊबंदकीत धुसफुस असली तरी चुलतभावाच्या लग्नात त्याच्या रांगेत उभं राहावंच लागतं, आणि कोण कुणाशेजारी उभा राहिला हे गाव पाहत असतं. तसंच, शेजारी कुणाचं निधन झालं असेल तर वाद्यं निघत नाहीत. लग्न साधेपणाने होतं किंवा पुढे जातं.

नदीशी याचा काय संबंध?

फार जवळचा. न्युबियन समजुतीप्रमाणे नाईलच्या तळाशी माणसांसारखीच घरंदारं करून राहणारे जलवासी आहेत. फदिज्जांकडे त्यांना अमान नुत्तो म्हणतात. ते रागावले तर त्रास देतात, खूश असले तर राखतात. म्हणून आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर नदीकडे जायचं. लग्नानंतर जोडप्याने नाईलच्या पाण्याने हात-तोंड धुवायचं. मूल जन्मलं की सातव्या दिवशी बायकांनी गात काठावर जायचं आणि जलवासीयांसाठी थोडं अन्न पाण्यात सोडायचं. सुंतेच्या वेळीही मुलाला नटवून, मिरवत नदीवर नेत. सात हा आकडा या विधींत सतत येतो.

बाळंतीण, नवरी आणि सुंता झालेला मुलगा यांना चाळीस दिवस जपायचं असतं. नदी ओलांडून आलेल्या किंवा मयताला जाऊन आलेल्या माणसाने थेट त्यांच्या खोलीत शिरायचं नाही. हे नियम माहीत असले की काठापर्यंत जाणाऱ्या त्या मिरवणुका, गाणी आणि नाच यांचा अर्थ लागतो. तो नाच माणसांबरोबर नदीलाही दाखवायचा असतो.

बायकांच्या त्या काळ्या, लांब झग्याचं नाव काय?

जरजार, काही जण गरगार म्हणतात. हा फदिज्जा बायकांचा पोशाख. पातळ, काळ्या, झिरझिरीत कापडाचा झगा आतल्या रंगीत कपड्यांवरून घालतात आणि त्याचा मागचा घोळ जमिनीवर लोळतो. वाळूत उमटलेली पावलं त्या घोळाने पुसली जातात, विंचूही अंगाजवळ येत नाहीत, असं म्हाताऱ्या बायका सांगतात. नाचताना हा घोळ रांगेमागे सरकत जातो, म्हणून बायकांची पावलं लहान आणि घसरती असतात. उड्या मारायला पोशाखच परवानगी देत नाही. केन्झी बायकांचा पोशाख याहून वेगळा, आणि सुदानी न्युबियन बायका अंगाभोवती गुंडाळायचा तोब नेसतात. सोनं भरपूर. कपाळावर रुळणारी सोन्याची चकती ही नवरीची खास खूण. पुरुषांचा पोशाख साधा: पांढरी जलाबिया (पायघोळ झगा) आणि पांढरा फेटा.

न्युबियन मुसलमान आहेत ना? मग नाच कसा चालतो?

हो, मुसलमान आहेत, आणि बरेच जण कडक धार्मिक. पण इतिहासाचे थर लक्षात घ्यायला हवेत. सहाव्या शतकात इथली राज्यं ख्रिस्ती झाली आणि शेकडो वर्षं ख्रिस्ती राहिली; इस्लाम हळूहळू रुजला. नदीविषयीच्या समजुती या दोन्ही थरांच्या खालून अजून डोकावतात.

धर्माच्या चौकटीतही लयबद्ध हालचाल आहेच. सूफी झिक्रमध्ये पुरुष रांगेत उभे राहून नामस्मरणाच्या लयीत पुढे-मागे झुलतात. न्युबियात मिर्गनी, म्हणजे खत्मिया या सूफी संप्रदायाचा प्रभाव मोठा. केन्झी गावांत वलींच्या मजारींवर उरूस भरतात, नवस फेडले जातात, जेवणावळी उठतात. शहरांतून किंवा आखाती देशांतून परतलेली काही मंडळी लग्नातल्या स्त्री-पुरुष नाचाला आणि नदीच्या विधींना नाकं मुरडतात, त्यावरून घराघरांत वाद होतात. तरीही रांगा उभ्या राहतात. पुरुष आणि बायका वेगळ्या ओळींत, स्पर्श नाही, आणि सगळे नात्यातले. त्यामुळे गावाला यात वावगं दिसत नाही.

झार हाही नाचच का?

झारमध्ये नाच आहे, पण तो करमणुकीचा नव्हे. एखाद्या व्यक्तीला, बहुधा बाईला, बाधा झाली आहे असं मानून ढोल, गाणी, धूप आणि अंगात येण्यातून तिला शांत करायचं, असा हा विधी. इथिओपियापासून सुदान, इजिप्तपर्यंत तो पसरला आहे. बाधा करणाऱ्याला हाकलून लावणं हा हेतू नसतो. त्याची मागणी ओळखून त्याच्याशी समेट करायचा असतो. नवरा वर्षानुवर्षं परगावी, घराचा सगळा भार एकटीवर, अशा बाईसाठी चार दिवस सगळ्यांचं लक्ष तिच्यावर असणं हा मोठा आधार असे. झारची गंमत म्हणून नक्कल करणं मला पटत नाही.

हे नाच फॅरोंच्या काळापासून जसेच्या तसे चालत आलेत का?

मार्गदर्शक तसं ठामपणे सांगतात. लक्सरच्या देवळात ओपेत या प्राचीन उत्सवाची शिल्पं आहेत, ती फॅरो तुतनखामेनच्या काळातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांहून जुनी. त्यांत ढोल घेतलेले आणि नाचणारे न्युबियन दिसतात. थेबेसच्या (आजच्या लक्सरच्या) थडग्यांतल्या भित्तिचित्रांतही आहेत. म्हणजे न्युबियन नर्तकांची ख्याती फार जुनी हे नक्की. पण दगडावर कोरलेल्या एका क्षणावरून ठेका, पावलं किंवा गाणं कळत नाही, आणि मधल्या काळात भाषा, धर्म, पोशाख सगळं बदललं. ‘जसेच्या तसे’ म्हणायला आधार नाही. जिवंत परंपरेला प्राचीनतेच्या प्रमाणपत्राची गरजही नसते.

धरणामुळे काय झालं?

हे नीट सांगायला हवं, कारण आजचं प्रत्येक न्युबियन गाणं कुठे ना कुठे या जखमेपाशी येतं.

असवानचं पहिलं धरण १९०२ मध्ये पुरं झालं. १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली. प्रत्येक वेळी पाणी वर चढलं, शेतं आणि खजुरीच्या बागा बुडाल्या, आणि पुरुष पोटासाठी शहरांत जाऊन दरवान, आचारी, घरगडी झाले. गावात उरल्या बायका, मुलं आणि म्हातारे. त्या दशकांत गाणी आणि विधी टिकवले ते प्रामुख्याने बायकांनी.

मग १९६० मध्ये उंच धरणाचं काम सुरू झालं. ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबियनांना उठवून असवानच्या उत्तरेला कोम ओम्बोजवळ वसवलं. सुदानमध्ये वादी हल्फा आणि आसपासच्या गावांतल्या जवळपास तेवढ्याच लोकांना शेकडो किलोमीटर दूर, अत्बारा नदीकाठच्या खश्म अल-गिरबाला नेलं. तिकडची पहिली आगगाडी ६ जानेवारी १९६४ला निघाली, फरास गावच्या लोकांना घेऊन. लोकांनी घरं झाडून, कुलपं लावून किल्ल्या बरोबर घेतल्या. कबरींवर पाणी शिंपडून निरोप घेतला. अबू सिंबलची प्राचीन देवळं कापून उंचावर हलवायला जग धावून आलं. घरं, कबरी आणि काठ मात्र पाण्याखाली गेले.

नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावं दिली: तोश्का, बल्लाना, कुस्तुल. पण नदी दारात नव्हती. ज्यांचा प्रत्येक विधी काठावर संपायचा त्यांनी तो कुठे संपवायचा? काही जण कालव्यावर जाऊ लागले, काही विधी लहान झाले, काही सुटले. जुन्या गावातली ऐसपैस अंगणं जाऊन सरकारी घरांच्या सरळ ओळी आल्या, त्यामुळे मोठ्या रांगेचा नाच मैदानात किंवा रस्त्यावर करावा लागला. तरी अरागीद राहिला. कारण साधं आहे: त्याला लागतात माणसं, आणि माणसं एकत्र हलवली गेली होती. धरणग्रस्तांची भाषा, घरांची रचना, शेती सगळ्याची पडझड झाली. रांग मोडली नाही.

हल्फाचे काही लोक हटलेच नाहीत. पाणी चढेल तसे मागे सरकत त्यांनी धरणाने तयार झालेल्या सरोवराच्या काठावर नवं वादी हल्फा उभं केलं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यावर इजिप्तकडे निघालेल्या असंख्य कुटुंबांची वाट त्याच गावावरून गेली.

शहरात गेल्यावर या संगीताचं काय झालं?

कैरोत एकेका गावाच्या मंडळांनी लग्नं सांभाळली. तिथेच अली हसन कुबान यांनी न्युबियन ठेक्याला सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन आणि गिटारची जोड दिली. तोश्कात १९२९ला जन्मलेले हम्झा एल दिन रेल्वेतली अभियंत्याची नोकरी सोडून संगीताकडे वळले. धरणाची चाहूल लागल्यावर ते गावोगाव फिरून येणाऱ्या संकटाबद्दल लोकांशी बोलले. पुढे त्यांचा ऊद (एक तंतुवाद्य) आणि तार, म्हणजे डफ, अमेरिका, जपानपर्यंत पोहोचले. सप्टेंबर १९७८ मध्ये गिझाच्या पिरॅमिडपाशी ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडच्या कार्यक्रमात हम्झांबरोबर न्युबियन तरुण टाळ्यांचा नाच करत मंचावर होते. सुदानचे गायक मोहम्मद वर्दी आणि इजिप्तचे मोहम्मद मुनीर यांना तर सगळं अरब जग ओळखतं.

आज लग्नात कीबोर्ड आणि लाउडस्पीकर असतात. काहींना त्याचं वाईट वाटतं. मला त्यापेक्षा काळजी वाटते ती गाण्यातले शब्द न कळणाऱ्या मुलांची. ठेका त्यांच्या पायात आहे, भाषा मात्र निसटत चालली आहे.

बोटीवर दिसतो तो नाच खोटा का?

खोटा म्हणणं अन्याय आहे. नाचणारी मुलं बहुतेक वेळा न्युबियनच असतात आणि ते त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे. पण रांग तुटून गोल होतो, लय पहिल्यापासूनच चढलेली असते, आणि पाहुण्यांना ओढून नाचवणं हाच मुख्य भाग बनतो. रंगमंचावरचा प्रकार आणखी वेगळा. महमूद रेदा यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या पथकाने इजिप्तचे प्रादेशिक नाच, त्यांत न्युबियनही, नृत्यदिग्दर्शनाच्या शिस्तीत बसवले. असवानचं लोककला पथकही मंचावर उत्तम काम करतं. ही कला आहे, पण तिला प्रेक्षक लागतो. अंगणातल्या अरागीदला प्रेक्षक नसतो, सगळेच आत असतात.

हा बेली डान्सचा प्रकार आहे का?

नाही. कंबरेची एकल कसरत यात नाही.

आपल्याकडच्या सिद्दींच्या धमाल नाचाशी याचं नातं आहे का?

मराठी माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, कारण जंजिऱ्याचा सिद्दी आपल्या इतिहासात आहे. उत्तर जपून द्यावं लागतं. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या अनेक प्रदेशांतून वेगवेगळ्या काळात आले. जंजिऱ्याच्या सिद्दींना हबशी म्हणत, म्हणजे रोख इथिओपियाकडे. गुजरातच्या सिद्दींचा या नाचासाठीचा गोमा हा शब्द स्वाहिली ‘न्गोमा’शी जुळतो, म्हणजे तो धागा आणखी दक्षिणेला जातो. ढोल आणि आफ्रिकी चेहरा दिसला की सगळं एकाच पोत्यात घालायचं, हे दोन्ही समाजांवर अन्यायाचं आहे. धमालला तिचा स्वतःचा इतिहास आहे, तो तिच्याच नावाने सांगावा.

डफ वाजवल्याबद्दल अटक झाली होती, हे खरं का?

खरं आहे. इजिप्तच्या २०१४च्या राज्यघटनेत न्युबियनांना त्यांच्या मूळ भागात परत आणण्याचं आश्वासन दिलं गेलं. ते पुरं होत नाही म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये, बकरी ईदच्या दिवसांत, असवानमध्ये काही जण डफ वाजवत न्युबियन गाणी गात निघाले. पोलिसांनी त्यांना पकडलं. ‘डफवाले कैदी’ असंच त्यांना ओळखलं जाऊ लागलं. लग्नातलं वाद्य मोर्चात का आलं, हे धरणाचा इतिहास वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

खरा नाच कुठे पाहता येईल, आणि तिथे कसं वागावं?

असवानसमोरच्या एलिफंटाइन बेटावर आणि पश्चिम काठाच्या गर्ब सुहैलमध्ये न्युबियन वस्ती आहे. गर्ब सुहैल आता पर्यटकांनी गजबजलेलं असतं. १९९७ मध्ये उघडलेलं असवानचं न्युबिया संग्रहालय आधी पाहावं. पोशाख, घरं आणि विधी यांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. ७ जुलै हा दिवस जगभरचे न्युबियन ‘न्युबियन दिन’ म्हणून साजरा करतात, तेव्हाही कार्यक्रम असतात.

ओळखीतून लग्नाचं बोलावणं आलं तर नक्की जावं. पुरुषांनी बायकांच्या रांगेकडे जायचं नाही. अंग झाकणारे कपडे घालावेत. बायकांचे फोटो, विशेषतः नवरीचा, विचारल्याशिवाय काढू नयेत. मुलाचं किंवा दागिन्याचं कौतुक करताना ‘माशाल्लाह’ म्हणावं, नाहीतर दृष्ट लागण्याची भीती असते. खजूर आणि लाह्यांचं ताट पुढे आलं की थोडं तरी घ्यावं. आणि रांगेत बोलावलं तर टोकाला उभं राहावं, मध्ये घुसू नये.

शिकायचं असेल तर?

पावलं व्हिडिओवरून शिकता येतात, पण आधी महिनाभर फक्त टाळी करावी. एकाने मात्रेवर टाळी द्यायची, दुसऱ्याने मधल्या जागेत, आणि दोघांनी गाणं संपेपर्यंत न चुकता टिकायचं. ते जमलं की पाय आपोआप हलायला लागतात. एकट्याने हे शिकता येत नाही. निदान चार-सहा जण जमवा. भेटल्यावर फदिज्जा माणसाला ‘मस्कागना’ म्हणून पाहा. परक्याच्या तोंडून तो नमस्कार ऐकला की पुढच्या गाण्याचा अर्थ तो स्वतःहून सांगायला बसतो.